पिवळा आधी, काळा नंतर

आमच्या वडिलांनी हयातभर मुंबईत टॅक्सी चालविली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा आम्हा भावंडांनी तिची चोविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती रंगवावयास घेतली.

चार मीटरांहून किंचित आखूड अशी ती गाडी येथे सुमारे सोळा सेंटिमीटरांत मावते. रंगाची जाडी मात्र आपोआप घटत नाही. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे मूळ गाडीवर २.४ मिलिमीटरांचा लेपच! दारांच्या फटी बुजून जातात. वडिलांची दृष्टी आता गेली आहे. ते गाडी नखाने चाचपून ओळखणार. फट बुजली, तर त्यांच्यापुरती गाडीच हरवली.

म्हणून एअरब्रश. ०.३ मिलिमीटरच्या छिद्रातून हवेसंगे उडणारे तुषार विरळ थरांनी बसतात. प्रथम पांढरे अस्तर, मग टपाचा पिवळा. टेपने तो झाकून शेवटी काळा, कारण काळ्यावर पिवळा उठत नाही. खिडकी उघडी हवी, तोंडावर वाफरोधक मुखवटा हवा.

खरी कसोटी त्यानंतर. छिद्रात वाळलेला कण पुढल्या खेपेस शिंतोडे उडवितो. म्हणून प्रत्येक रंगानंतर कप थिनरने धुवावा, सुई अलगद काढून टोकाच्या दिशेने पुसावी. सबंध उपकरण मात्र थिनरमध्ये बुडवू नये. आतील रबरी कड्या फुगतात.

वडीलही पहिल्या भाड्याआधी, पहाटेच्या अंधारात, तेलपाणी पाहून गाडी पुसून काढीत. एकाही उतारूने ते पाहिले नाही. त्या निगेवर आमचे घर चालले.