गोली

भोपाळमध्ये राहून हॉकीशी संबंध नाही असं म्हणणं म्हणजे नाशकात राहून गोदावरी पाहिली नाही म्हणण्यासारखं. ऐशबागचं मैदान, ओबेदुल्ला खान गोल्ड कप, १९७५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध ऐन वेळी बरोबरी साधणारे इथलेच अस्लम शेर खान, हे सगळं घरात न विचारताच कानावर पडतं.

माझा पुतण्या मात्र हॉकी खेळतो ती टीव्हीवर. तीही बर्फावरची! परवा वैतागून म्हणाला, "काकू, यातला गोली खोटा आहे. समोरून मारलं की सगळं अडवतो, आणि आडवा पास देऊन लगेच मारलं की हमखास गोल." म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन गोलीची चपळाई कमी-जास्त करून पाहिली. एकदा स्कोअर झाला ११-९. त्या खेळाच्या मोठ्या लीगमध्ये एक संघ सामन्याला साधारण तीन गोल करतो, गोली दहातले नऊ फटके अडवतो. मग ११-९ खरं वाटणार कसं?

आडव्या पासवर खराखुरा गोलीही फसतो. खोटं आहे ते 'हमखास'. माणूस एकदा फसला की पुढच्या वेळी सावध होतो.

आपल्या हॉकीतलं गणित बघा. गोलपोस्ट ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. पेनल्टी कॉर्नरला चेंडू सर्कलच्या टोकापासून, म्हणजे सुमारे १५ मीटरवरून, ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने येतो. हातात जेमतेम अर्धा सेकंद! त्यात आपलेच खेळाडू पुढे धावत असतात, मधेच नजर अडते. चेंडू बघून हलायला वेळच नसतो. मारणाऱ्याचे खांदे, काठीचा कोन यावरून आधीच ताडावं लागतं.

आणि चुकलं तर? १ डिसेंबर १९८२, दिल्लीतला एशियाडचा अंतिम सामना. पाकिस्तानकडून आपण ७-१ ने हरलो. गोलमध्ये होते मीररंजन नेगी. चेंडू गोलीपर्यंत पोचतो तो बाकीचे दहा जण ओलांडून, पण दोष एकट्या नेगींच्या माथी आला, त्यांना गद्दारसुद्धा म्हटलं गेलं. २००२ मध्ये मँचेस्टरला आपल्या मुलींनी राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांत हेच नेगी होते. वीस वर्षं गेली मधे! ते ओझं कुठल्या व्हिडिओ गेममध्ये येणार?

टोकियोला जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला आणि ४१ वर्षांनी पदक आलं. पण स्कोअरबोर्डवर नावं लागली गोल करणाऱ्यांची. अडवलेल्याचा आकडा तिथे नसतो.

मी पुतण्याला म्हटलं, "अरे, गोलीची चपळाई कशाला कमी करतोस? तूच गोली होऊन बघ की." गेममध्ये तशी सोय आहे म्हणे. अर्ध्या तासाने म्हणाला, "काकू, बराच वेळ काहीच होत नाही. पण नजर हलवायची सोय नाही."

बायांनो, मला हसू आलं. दुधाखालचा गॅस, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांच्या फीची तारीख... उतू न गेलेल्या दुधाची नोंद कोणी ठेवते का? जाऊ दे. निदान एका मुलाला आमच्या घरात गोलीचं काम कळलं.