लाल खांबाच्या गावात

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस नायगाराबद्दल बोलतो, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींबद्दल बोलतो, अगदीच रसिक असला तर वॉशिंग्टनच्या चेरीच्या बहराबद्दल बोलतो. मी बोलणार आहे बॅटन रूजबद्दल. हे नाव ऐकताच आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी, "हे कुठल्या अत्तराचं नाव?" अशी पृच्छा केली होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माझी धाकटी बहीण तिथे बारा वर्षे राहत नसती, तर मीही तेच विचारले असते.

बॅटन रूज ही लुइझियाना राज्याची राजधानी. मिसिसिपी नदीच्या काठी वसलेली. १६९९ साली इबरव्हील नावाचा फ्रेंच दर्यावर्दी या नदीतून वर चालला असता त्याच्या मंडळींना काठावर एक तांबडा खांब रोवलेला दिसला. तिथल्या दोन मूळ जमातींच्या शिकारीच्या हद्दीची ती खूण. फ्रेंचांनी आपल्या भाषेत तिला 'लाल काठी' म्हटले, आणि तेच नाव गावाला चिकटले. मूळ लोकांच्या भाषेतले त्याच अर्थाचे नावही गावाने टाकून दिलेले नाही. 'इस्ट्रूमा' हे ते नाव, आणि ते गावाच्या उत्तर भागातल्या एका शाळेला दिलेले आहे. वाचकांनी या शाळेचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे तिची गाठ पडणार आहे.

गाव मोठे मजेदार. नदीला उंच हिरवा बांध घातलेला. त्यावर चढल्याशिवाय नदी दिसत नाही. १९३२ साली बांधलेले चौतीस मजली विधानभवन साऱ्या गावावर नजर ठेवून उभे आहे. उत्तरेला तेलशुद्धीचा अवाढव्य कारखाना, रात्री त्याच्या चिमण्यांवर ज्वाळा नाचतात. आणि रस्तोरस्ती जुने ओक वृक्ष, ज्यांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. हवा मात्र आपल्या कोकणची, घामट आणि आळसावलेली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी तिथे उतरलो, तेव्हा दार उघडायला जो आला त्याने सबंध दार व्यापले होते. हा माझा भाचा. सहा वर्षांपूर्वी पुण्यात आला होता तेव्हा वाऱ्याने उडेल असा होता. आता वय वर्षे सोळा आणि वजन पंचाण्णव किलो! मला वाकून नमस्कार करून त्याने माझ्या दोन्ही बॅगा एका हातात उचलल्या आणि जणू भाजीची पिशवी आणली आहे अशा थाटात आत नेल्या.

रात्री जेवणे झाल्यावर बहिणीने मला स्वयंपाकघरात गाठले. "दादा, तू तरी याला चार शब्द सांग. गॅरेजमध्ये मोटार राहिली बाहेर, आणि आत लोखंड भरलंय. सकाळ-संध्याकाळ वजनं उचलतो. उंची खुंटेल, पाठ जाईल. ह्यांची कारखान्यात रात्रपाळी, मी एकटी त्याला काय आवरणार?"

मामा या नात्यात उपदेशाचा अधिकार जन्मसिद्ध असतो. तो मी दुसऱ्या दिवशी बजावायला लागलो तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, उद्या माझ्याबरोबर चल. सगळं बघ. मग मला काय सांगायचं ते सांग."

तो शाळेच्या संघात फुटबॉल खेळतो. अमेरिकन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नावापुरताच. चेंडू लांबोडा, आणि तो बहुधा हातातच असतो. मैदान शंभर यार्डांचे, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. एकेक प्रयत्न म्हणजे पाचसहा सेकंदांचा प्रलय. मला तरी तो हुतूतू, कुस्ती आणि बुद्धिबळ यांच्या एकत्र कुटुंबासारखा वाटला. माझा भाचा मधल्या फळीतला. एक हात जमिनीला टेकून बसायचे, चेंडू हलला की समोरच्या तेवढ्याच धिप्पाड गड्याला रेटून बाजूला सारायचे, म्हणजे मागचा मोकळा गडी चेंडू घेऊन पळू शकतो. व्यावसायिक संघांत या फळीतले गडी सव्वाशे ते दीडशे किलोंचे असतात. चेंडूला त्यांचा हात क्वचितच लागतो.

"म्हणून वजनं," भाचा म्हणाला. "आणि ती पहिल्यांदा कोणी उचलली, ते आपल्याच गावात घडलं."

त्याने मोटार उत्तरेकडे घातली. कारखान्याच्या जवळच्या कामगारवस्तीत ती इस्ट्रूमा शाळा उभी आहे. २०१४ साली ती बंद पडली होती. डागडुजी होऊन २०१७ मध्ये पुन्हा उघडली. १९५५ साली इथे फक्त गोऱ्या मुलांना प्रवेश होता. आज बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीय आहेत. इतिहासाने तेवढा न्याय तरी केला आहे.

त्या काळी सगळ्या अमेरिकेतल्या प्रशिक्षकांचा एक ठाम समज होता की वजने उचलणारा माणूस आखडतो. स्नायू फुगतात, सांधे जखडतात, गडी बैलासारखा संथ होतो. खेळाडूने वजनाला शिवू नये, असाच दंडक होता. या समजाला पहिला तडा १९४० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात गेला. जॉन ग्रिमेक नावाच्या पिळदार शरीराच्या मल्लाला तिथल्या कार्पोविच नावाच्या प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष विचारले की, तुम्हाला स्वतःची पाठ तरी खाजवता येते का? ग्रिमेकने पाठ खाजवून दाखवलीच. शिवाय वाकून कोपरे जमिनीला टेकवली आणि दोन्ही पाय ताणून जमिनीवर आडवे पसरले! प्राध्यापक गृहस्थ मोठे प्रामाणिक. त्यांनी पुढे एका सहकाऱ्याबरोबर सहाशे माणसांवर प्रयोग केले आणि १९५१ साली जाहीर केले की, वजने उचलणाऱ्यांचे हात इतरांपेक्षा जलद चालतात.

पण कागदावरचे सत्य मैदानावर यायला एखादा वेडा माणूस लागतो. बॅटन रूजमध्ये तो होता. त्याचे नाव अ‍ॅल्विन रॉय. याच इस्ट्रूमा शाळेचा माजी विद्यार्थी, गावात व्यायामशाळा चालवणारा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला अमेरिकेचा भारोत्तोलन संघ चार सुवर्णपदके घेऊन परतला, त्या संघाबरोबर रॉय होता. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले ते याच ऑलिंपिकमधून. तिथे जगातले सर्वांत बलवान पुरुष चित्त्यासारखे हलताना रॉयने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने आपल्या जुन्या शाळेच्या मागे लागून १९५५ साली मुलांच्या हाती वजने दिली. शाळा त्या हंगामात एकही सामना हरली नाही. राज्याचे अजिंक्यपद तिला मिळाले.

त्या मुलांत बिली कॅनन नावाचा एक पोरगा होता. पुढे तो इथल्याच लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. वजने उचलणारा हा गडी शंभर यार्ड ९.४ सेकंदांत पळे आणि गोळा पन्नास फुटांपलीकडे फेकी. 'आखडतो' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. १९५८ साली विद्यापीठ अकराच्या अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेते ठरले. आणि ३१ ऑक्टोबर १९५९ च्या रात्री, मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध ०-३ असे मागे असताना, शेवटच्या डावात कॅननने चेंडू घेतला आणि अंगावर येणाऱ्या गड्यांना झटकून टाकीत ८९ यार्ड धावत गेला. सामना ७-३ ने जिंकला. त्या धावेची गोष्ट इथे आजही आजोबा नातवाला सांगतात. २०१८ साली त्याचा पुतळाही विद्यापीठात उभा राहिला.

त्या रात्रीचे मैदान मी पाहिले. एका परिचितांनी सामन्याची दोन तिकिटे दिली होती. १९२४ साली उघडलेल्या या 'टायगर स्टेडियम'मध्ये आज एक लाखाहून अधिक माणसे बसतात. समोरच्या आवारात विद्यापीठाने खरोखरीचा वाघ पाळला आहे. १९३६ पासून ही परंपरा चालू आहे. मी पाहिला तेव्हा तो पोटावर पंजा ठेवून निवांत झोपला होता. एवढ्या गर्दीत झोप लागणे हेही एक प्रकारचे बळच. १९८८ साली ऑबर्नविरुद्ध विजयाचे गुण मिळाले तेव्हा प्रेक्षकांनी असा काही गजर केला की, विद्यापीठातल्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली! सामना सुरू झाल्यावर मला त्यात अतिशयोक्ती वाटेनाशी झाली.

मी चेंडूकडे पाहत होतो. भाच्याने माझी मान वळवली. "मामा, फळीकडे बघ." मग दिसले. चेंडू हलताच फळीतला एकेक महाकाय गडी बसल्या जागेवरून स्प्रिंगसारखा उसळत होता. पहिल्या अर्ध्या क्षणात ज्याचा रेटा खालून लागला तो जिंकला. पळणारा गडी त्या फटीतून निसटला की लाख माणसे त्याचे नाव घेऊन ओरडत. ज्यांनी फट पाडली ते तोंडातली माती झटकीत पुन्हा जागेवर येऊन बसत. त्यांचे नाव कोणी घेत नव्हते.

"बाकावर उताणं पडून दांडी छातीवरून वर रेटायची, ती ताकद सगळ्यांना आवडते, कारण ती मोजता येते," भाचा परतताना म्हणाला. "पण आमचे सर म्हणतात, मैदानात कोणी उताणं पडून खेळत नाही. जमिनीवरची दांडी एका झटक्यात खांद्यापर्यंत आणा, दांडी खांद्यावर घेऊन बैठका मारा. बळ पायांतून यायला हवं." आपल्या तालमीतल्या वस्तादांनी याहून काय वेगळे सांगितले असते? दंडाला बैठकांची जोड त्यांनी उगाच दिली नव्हती.

व्यावसायिक संघ दरवर्षी इंडियानापोलिसला नव्या खेळाडूंची परीक्षा घेतात. त्यात १०२ किलोंची दांडी छातीवरून किती वेळा रेटता येते, हे मोजतात. १९९९ साली जस्टिन अर्नेस्ट नावाच्या तरुणाने ती ५१ वेळा रेटली. त्या वर्षीच्या निवडीत मात्र एकाही संघाने त्याचे नाव पुकारले नाही, आणि व्यावसायिक स्पर्धेचा एकही साखळी सामना त्याच्या नशिबी आला नाही. पुढे विद्यार्थ्यांच्या टक्केवारीचा विषय निघाला की मी हा दाखला देतो.

घरी आलो तो बहीण एक भला मोठा डबा टेबलावर ठेवून बसली होती. भाच्याच्या कपाटात सापडलेला. "वाच," ती म्हणाली. मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. दूध फाटल्यावर जी निवळी उरते, तिची भुकटी! "अगं, पनीर करताना तू जे पाणी कणकेत घालतेस, ते हे," मी म्हणालो. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

पण तिची भीती अगदीच निराधार नव्हती, हे भाच्यानेच सांगितले. अ‍ॅल्विन रॉयला १९६३ साली सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघाने बोलावून घेतले. वजनांबरोबर त्याने तिथे आणखी एक गोष्ट नेली: डायनाबॉल नावाच्या गुलाबी गोळ्या. सरावाच्या छावणीत त्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या असत, असे खेळाडूंनीच पुढे सांगितले. आपण काय गिळतो आहोत याची पुरती कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. संघाने त्या हंगामाचे अजिंक्यपद ५१-१० असे जिंकले, आणि गोळ्यांची वाट रुंद होत गेली. पुढे कित्येक वर्षांनी तपासण्या आल्या, १९९० साली कायदा आला. या औषधांनी यकृत आणि हृदय बिघडते. आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या हाडांची टोके अकाली मिटून त्याची उंची खरोखरच खुंटते. शिस्तीने आणि जाणत्याच्या नजरेखाली उचललेल्या वजनांनी तसे होत नाही, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे आईचे भय खरे होते. फक्त ते लोखंडाचे नव्हे, गोळीचे.

एकाच माणसाने एका हाताने या खेळाला बळ दिले आणि दुसऱ्या हाताने विष. मला वाटते, वाट तिथे फुटते जिथे बळ कशासाठी हवे हा प्रश्न मागे पडतो आणि किती हवे एवढाच उरतो.

"तू घेतोस का रे त्या गोळ्या?" बहिणीने सरळ विचारले.

"नाही, आई."

"कोणी देऊ केल्या होत्या?"

तो क्षणभर गप्प राहिला. "हो. नाही म्हटलं."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी मामाचा अधिकार एकदाच वापरला. "एक गोष्ट मात्र मला पटली नाही. शाळेत तुम्ही दांडी रेटता तेव्हा डोक्याशी एक जण उभा असतो, हात दांडीखाली धरून. इथे गॅरेजमध्ये तुझ्या डोक्याशी कोण असतं?"

"बाबा असले तर बाबा. नाही तर कोणी नाही."

बहीण उठली. पदर नव्हता, पण खोचल्यासारखे करून म्हणाली, "कुठे उभं राहायचं ते दाखव."

त्याने तिला समजावून सांगितले की, सगळे वजन उचलायचे नसते. अडले तिथे फक्त दोन बोटांचा आधार द्यायचा असतो. मी तिथे असेपर्यंत रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्या की ती गॅरेजमध्ये जाई आणि लेकाच्या डोक्याशी उभी राहून मराठीत आकडे मोजी. सहावर दांडी थरथरू लागली की ती हात पुढे करी, पण लावत नसे. आठ झाले की म्हणे, "पुरे. पोळ्या गार होतायत."