वृद्धाश्रम पाहायला जाण्यापूर्वी

कमरीपेठ, हुबळी

चि. पुतण्यास,

आत्याबाईंसाठी हुबळी-धारवाडात वृद्धाश्रम पाहावयाचा झाल्यास त्याची तपासणी कोण करते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हा चिरंजीवांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडे उत्तर कायद्यात मिळते आणि बरेचसे वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात व औषधांच्या कपाटात मिळते.

2007 च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाच्या 19 व्या कलमाने राज्य सरकारांना प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निर्धन वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श नियमांत, म्हणजे ज्यांच्या धर्तीवर राज्यांनी आपापले नियम करावयाचे त्या नमुन्यात, माणशी साडेसात चौरस मीटर शयनाची जागा, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आधाराचे कठडे अशी मानके आहेत, आणि वृद्धाश्रम त्यांप्रमाणे चालतात की नाही हे पाहण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर निवडणूक, दुष्काळ आणि जमीनमहसूल एकाच वेळी असतात, त्याने न्हाणीघराचे कठडे हलवून पाहावेत अशी आशा धरणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. या कामाला स्वतंत्र, प्रशिक्षित तपासनीस हवेत.

खासगी वृद्धाश्रमांचे तर याहून अवघड आहे. विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी म्हणून नोंदणी झाली की हिशेबांवर देखरेख येते, पण निवाशांची काळजी नीट घेतली जाते का हे ठरावीक काळाने तपासण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. ही उणीव ओळखूनच डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा निवासगृहांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद केली होती. ते स्थायी समितीकडे गेले, आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा मंजुरीविना रद्दबातल झाले. इतक्या निकडीच्या विषयाला संसदेत वेळ मिळू नये, ही खेदाची आणि संतापाचीही गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये 2009 पासून केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा हे काम करते. तिचे तपासनीस बहुधा न कळवता येतात, सुरक्षितता, परिणामकारकता, जिव्हाळा, गरजेनुसार प्रतिसाद आणि नेतृत्व अशा पाच अंगांनी पाहणी करतात, आणि मिळालेली श्रेणी संस्थेला दर्शनी भागात लावावी लागते. तरीही साहाय्ययुक्त निवासात, म्हणजे स्वतःच्या भाड्याच्या घरात राहून आंघोळीपासून औषधांपर्यंत मदत घेण्याच्या व्यवस्थेत, ही यंत्रणा मदत तपासते, घर तपासत नाही. भारतातील निवृत्तिसंकुलांत नेमके उलटे घडते: 2016 च्या रेरा कायद्यामुळे बांधकाम आणि ताबा यांबद्दल दाद मागता येते, परंतु रात्री दोन वाजता घंटा वाजल्यावर कोण धावून येते, हे तपासणारे कोणी नसते.

अशा स्थितीत पाहणी कुटुंबालाच करावी लागते, आणि ती न कळवता, शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या वेळी करावी. औषधांची नोंदवही मागून घ्यावी. गोळी दिल्याबरोबर केलेल्या सह्या पाळी बदलेल तशा निरनिराळ्या हातांच्या आणि पेनांच्या असतात; पण आठवडाभराच्या सह्या एकाच शाईने एका रांगेत उतरलेल्या दिसल्या तर वही एका बैठकीत भरलेली असण्याचा संभव मोठा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा कंबर आणि टाचा यांना शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमा होतात. त्याचा तक्ता खाटेजवळ आहे का, निवाशांचे वजन दरमहा लिहिले जाते का आणि हाक मारण्याची घंटा झोपलेल्या माणसाच्या हाताला लागते का, हेही पाहावे. वर्षभरात कोणीच पडले नाही असे सांगणाऱ्या वहीवर सहसा विश्वास ठेवू नये, कारण वृद्ध पडतातच. ते कसे पडले हे लिहून ठेवणारी संस्था अधिक भरवशाची.

भाषेचा मुद्दा मात्र कोणत्याही नमुन्यात बसत नाही. कमरीपेठेत जन्म गेलेली माणसे घरात मराठी किंवा सावजी ही बोली बोलतात आणि बाजारात कन्नड. स्मृतिभ्रंश झाल्यावर मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते, आणि मग केवळ कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला ती नुसती मान डोलावतात व अहवालात ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. म्हणून आत्याबाईंची भाषा समजणारी एक तरी सेविका तेथे असावी, आणि त्यांची विचारपूस व्यवस्थापक खोलीबाहेर असताना व्हावी.

आत्याबाई घरीच राहणार असल्या, तरी त्याच आदर्श नियमांनुसार एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी असे अपेक्षित आहे. कमरीपेठेला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. चिरंजीवांनी तेथे जाऊन त्यांचे नाव नोंदविण्याची विनंती करावी. वृद्धाश्रमात अथवा घरी काही वावगे आढळल्यास 14567 हा ज्येष्ठांसाठीचा विनाशुल्क राष्ट्रीय मदतक्रमांक सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो.