लिंटलपर्यंत आलेलं घर

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी २०२३ साली देशाला माहीत झालं ते मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांनी केलेल्या उपोषणामुळं. सभा उठते, गाड्या वडीगोद्रीच्या रस्त्याला लागतात आणि मागं उरतो मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखा संसार: कापूस, ऊस, पाण्याची चिंता आणि घराचा प्रश्न.

या भागात हिंडताना लिंटलपर्यंत येऊन थांबलेली घरकुलं दिसतात. गंजलेल्या सळयांना दोरी बांधून त्यावर गोधडी वाळत घातलेली, उरलेल्या विटांत गाजरगवत माजलेलं. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत अख्खं कुटुंब. ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये मिळतं, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. पैसा मात्र हप्त्यानं येतो. काम पुढं सरकल्याचा फोटो गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तोवर सिमेंट उधारीवर. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत, पण ती दारात आणायचं भाडं खिशातून. गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो, आणि मग घरात बोलणी सुरू होतात. थोरला म्हणतो, बैल विकू. धाकटा म्हणतो, दोनच खोल्यांत माझा संसार कुठं मांडू? आई कुणाचीच बाजू घेत नाही. चूल कुठं राहील, एवढंच विचारते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर घरकुलाच्या २५ चौरस मीटरच्या हिशेबात नसतं. हे मराठवाड्यानं आधीही पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीनं घरं मजबूत झाली, पण कित्येक ठिकाणी सरळ ओळीत, नगरासारखी. वाड्याचं अंगण, भावकीची गल्ली, जनावरांचा गोठा, बायकांना आडोशानं बसता येईल अशी ओसरी, यांतलं बरंच काही आराखड्यात बसलं नाही. मग लोकांनीच कुंपणं घातली, पत्र्याची शेडं टाकली, मोकळ्या रस्त्यातून आपलं अंगण परत मिळवलं.

त्या आराखड्यांमागं कळकळ होती, यात मला शंका नाही. पुन्हा छत अंगावर पडू नये, ही केवढी मोठी जबाबदारी! पण घर म्हणजे कुटुंबातल्या माणसांनी एकमेकांशी केलेला करार असतो. कोण कुठं झोपेल, म्हाताऱ्याची खाट कुठं पडेल, भाऊ वेगळे झाले तर दार कुठं काढता येईल, हे ठरल्याशिवाय भिंत उभी राहिली तरी घर उभं राहत नाही.

म्हणून वास्तुविशारद गावात यायला हवा, आणि पायाची दोरी धरण्याआधी यायला हवा. त्यानं थोरल्याला, धाकट्याला आणि सुनांना एकत्र बसवावं, चुलीची जागा आईकडून ठरवून घ्यावी, पुढच्या खोलीसाठी पाया आणि सळई आधीच सोडावी. पहिल्या हप्त्याआधी ही एक बैठक झाली, तर पैशाची ओढाताण संपणार नाही; पण ती ओढाताण सगळे मिळून सोसतील.