सायकल खांद्यावर

डोंगरात जाड टायरची सायकल बरीच वर्षं चालवली, त्यामुळे सायक्लोक्रॉस म्हणजे किस झाड की पत्ती असं वाटायचं. टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटर रुंद, वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंच फळ्या, आणि चिखल आला की सायकल खांद्यावर घेऊन पळायचं!

आमच्या शिरूरात शर्यत कुठली? परवा पाऊस उघडल्यावर चुलतभावाची बारीक टायरची सायकल मागून घेतली आणि दौंडच्या बाजूला उसाच्या बांधांवर घातली. काळ्या मातीने दहा मिनिटांत चाकं जाम! सगळा माज उतरला. सायकल खांद्यावर घेऊन धापा टाकत घरी आलो.

बाबा हसले. "ओढ्याला पाणी आलं की आम्ही शाळेत असंच जायचो."

गुडघ्यांमुळे त्यांची सायकल सुटून चार वर्षं झाली. रविवारी अंगणात शिकवणार आहेत म्हणे... बघू.