दुआ आणि देणे

कर्जाने गांजलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला सल्ला मिळतो तो दुआचा. जुन्या नाशकात, दूध बाजारापासून चौक मंडईपर्यंत, कर्जमुक्तीची दुआ कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. तिचा अर्थ मात्र थोड्यांनीच पाहिला आहे.

ती तिरमिजींच्या हदीससंग्रहात आहे. एक गुलाम हजरत अलींकडे आला. मालकाला ठरलेली रक्कम देऊन त्याला मुक्त व्हायचे होते. पण पैसे जमत नव्हते. हजरत अलींनी त्याला प्रेषितांनी शिकवलेली दुआ सांगितली आणि दिलासा दिला, की कर्ज डोंगराएवढे असले तरी अल्लाह ते फेडवील. या दुआत श्रीमंती मागितलेली नाही. हलालमध्ये भागावे, हरामकडे हात जाऊ नये आणि अल्लाहशिवाय कुणापुढे लाचार व्हावे लागू नये, एवढेच मागणे आहे.

आमचे अब्बा फळांची हातगाडी लावत. सकाळी सावकाराचा माणूस नऊशे रुपये हातावर ठेवी आणि संध्याकाळी हजार घेऊन जाई. माल खपो वा सडो. अब्बा फज्रनंतर ती दुआ म्हणत आणि मग त्याच माणसाची वाट पाहत. याला कुणी ढोंग म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. घरात सहा तोंडे होती आणि व्याजाशिवाय उसने देणारा कुणी नव्हता. आमच्याच नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पण गाडी भरायला नऊशे रुपये मिळत नव्हते! महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. मात्र सावकाराला पकडले तरी उद्याची गाडी कशी भरायची, याचे उत्तर कायद्यात नाही. ते जमातीने द्यायचे असते.

अबू दाऊद यांच्या संग्रहात अबू उमामा यांची हकिकत आहे. नमाजची वेळ नसताना ते मस्जिदीत बसलेले प्रेषितांना दिसले. प्रेषितांनी विचारले, यावेळी इथे कसे? ते म्हणाले, चिंता आणि कर्ज. तेव्हा त्यांना दुआ शिकवली गेली. तिच्यात कर्जाच्या ओझ्याबरोबर आळसापासून आणि कंजुषीपासूनही पनाह मागितली आहे. आळस कर्जदाराला जडतो. कंजुषी मात्र ज्याच्याकडे पैसा आहे त्याला. म्हणजे ही दुआ दोघांचीही आहे. आणि दुआच्या आधी विचारपूस झाली, हेही विसरू नये.

आम्ही विचारतो कधी? जनाजाच्या नमाजआधी. मरहूमकडे कुणाचे येणे असेल तर सांगा, असे घरचे लोक पुकारतात. रिवाज चांगलाच आहे. पण जिवंत माणूस त्याच सफमध्ये वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून उभा असतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

कुरआनने जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेल्यांना जागा दिली आहे (९:६०). तंगीत असलेल्या ऋणकोला मुदत द्यावी आणि माफ केले तर अधिकच चांगले, असे सांगितले आहे (२:२८०). देणेघेणे लिहून ठेवण्याची आज्ञा तर कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत आहे (२:२८२). आमच्या बायका बिनव्याजी भिशी चालवतात, त्या वहीतला हिशेब चुकत नाही. एवढा भरवसा मोहल्ल्यात आहे. त्याच भरवशावर मस्जिदीत कर्जे-हसनाची एक पेटी आणि एक वही सुरू करता येईल. एखाद्या हातगाडीवाल्याची दुआ कबूल होण्याचा रस्ता कदाचित आपल्याच खिशातून जात असेल.