तारांचा अन्वय

मुक्ताईनगरातील आमच्या छोट्या वाचनालयात सहा संगणक तारांनी एकमेकांना जोडायचे ठरले आणि साहित्याची यादी करण्याचे काम मराठीच्या मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे, आले. प्रयोजन साधे होते. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती एका संगणकावर साठवायच्या आणि इंटरनेट बंद असतानाही खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या उरलेल्या पाचांवर वाचता याव्यात.

पैसा बेताचा असला की तो दिसणाऱ्या वस्तूंवर आधी खर्च होतो. सहा संगणकांना आठ पोर्टचा गिगाबिट स्विच पुरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या मुलखात तो धातूच्या पेटीचा असावा आणि मोकळ्या हवेत बसवावा, इतकेच. खरी निवड असते ती केबलची. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत हा वेग पेलते. मात्र ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही बाजारात मिळते. तिचा विद्युतरोध अधिक आणि वाकवताना ती लवकर तुटते. म्हणून यादीत ‘शुद्ध तांबे’ हे शब्द मी अधोरेखित केले.

क्रिंपिंग टूल आणि आरजे-४५ कनेक्टर यांवर कोणाचा आक्षेप नव्हता. ‘टेस्टर कशाला?’ हा प्रश्न मात्र आला. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे, त्या चांगदेवांनी मायना न सुचल्याने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि उत्तरादाखल ६५ ओव्या आल्या, ही कथा आपण वर्गात नेहमी सांगतो. टेस्टरही कोरेच पत्र धाडतो. मजकूर नसतो, आठही तारा पलीकडे क्रमाने पोहोचतात की नाही, एवढेच तो एकेक दिवा लावून सांगतो.

पण साध्या टेस्टरलाही मर्यादा आहे. केबलमधील आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १८८१ साली ग्रॅहम बेल यांनी पेटंट घेतलेल्या या युक्तीमुळे बाहेरचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि दोहोंतील फरक तेवढा वाचणाऱ्या यंत्राला तो जाणवत नाही. कनेक्टरमध्ये तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडीची असते. एखाद्याने दोन्ही टोकांना जोड्या सरळ ओळीने शेजारी-शेजारी लावल्या, तर आठही दिवे लागतात. जोड्या मात्र फुटलेल्या राहतात आणि संदेश मध्येच गळतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक, पण अन्वय चुकलेला, अशा उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून यादीच्या शेवटी मी रंगांच्या क्रमाचा तक्ता जोडला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टर आणि तक्ता दोन्ही वाचनालयातच राहावेत, असा आग्रहही धरला. एक तार निकामी झाली म्हणून बाहेरगावचा कारागीर येईपर्यंत मुलांचे वाचन थांबणे परवडणारे नाही. दोष कोठे आहे, हे इथल्याच कोणाला तरी कळले पाहिजे.